मास्कचा सल्ला ठरतो कसा आणि बदलतो का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोना येऊन गेला, पण मास्कचे प्रश्न काही संपलेले नाहीत. थंडी पडली, घराघरात खोकला सुरू झाला आणि वर्तमानपत्रात 'नवा व्हेरियंट' अशी चौकट आली, की माझा फोन वाजू लागतो. मी आरोग्य शिक्षणाचं काम करते. साथीच्या काळात वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये, बचत गटांमध्ये मास्कवर बोलत हिंडले, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. येणाऱ्या प्रश्नांतले काही मास्कचे असतात, पण निम्म्याहून जास्त मास्कच्या सल्ल्याचे असतात: कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, मग फिरवलं का? दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र दिले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मास्क लावायचा की नाही हे ठरवतं कोण? डब्ल्यूएचओ, दिल्ली, मुंबई की आमची नगरपालिका?

सगळेच, पण प्रत्येकाच्या शब्दाचं वजन वेगळं. जागतिक आरोग्य संघटना फक्त सल्ला देते. तो पाळला नाही म्हणून कोणत्या देशाला दंड होत नाही. आपलं केंद्रीय आरोग्य मंत्रालयही बहुतेक वेळा सल्लाच देतं. सक्ती येते ती कायद्याच्या आधारे काढलेल्या आदेशातून. आपल्याकडे त्यासाठी दोन कायदे वापरले गेले: साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५.

२०२० मधला क्रम पाहिला की गंमत कळते. मार्चच्या अखेरीस केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मास्क कसा शिवावा याची पुस्तिका काढली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य मंत्रालयाने बाहेर पडताना घरगुती मास्क वापरा असं सुचवलं. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. १५ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने देशभर सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकणं अनिवार्य केलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला. सल्ला नेहमी वरून खाली झिरपतो असं आपण धरून चालतो. या वेळी मुंबई जिनिव्हाच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयाच्या, दोन महिने पुढे होती.

२. आधी म्हणाले मास्क नको, मग म्हणाले हवाच. म्हणजे आम्हाला फसवलं की त्यांनाच कळत नव्हतं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे. तो रागाने विचारला जातो, आणि तो राग मला मान्य आहे.

त्या वेळी तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिली, टंचाई. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये जगभर मास्क मिळेनासे झाले. १३ मार्चला आपल्या सरकारने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले आणि २१ मार्चला किमतींवर मर्यादा आणली: दोन पदरी मास्क आठ रुपये, तीन पदरी दहा रुपये. आहे तो साठा आधी डॉक्टर-नर्सना मिळावा ही काळजी खरी होती.

दुसरी, विषाणूबद्दलचा समज. ज्याला ताप-खोकला आहे तोच आजार पसरवतो, आणि तोही शिंकेच्या मोठ्या थेंबांतून, असं बहुतेक संस्था धरून चालल्या होत्या. तसं असेल तर निरोगी दिसणाऱ्या माणसाने मास्क लावण्यात फारसा अर्थ उरत नाही. लक्षणं दिसण्याच्या दोन-एक दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देऊ शकतो हे पुढे स्पष्ट होत गेलं आणि हिशेब बदलला.

तिसरी, पुरावा. बाजारात, बसमध्ये वावरणाऱ्या सामान्य माणसांवर केलेले अभ्यास तेव्हा थोडे होते, आणि जे होते त्यांचा कौल ठाम नव्हता.

या तिन्ही गोष्टी जशा होत्या तशा सांगता आल्या असत्या. पण २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारतर्फे लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, जेरोम अ‍ॅडम्स यांनी ट्विटरवर लोकांना मास्क घेणं थांबवायला सांगितलं आणि एकाच दमात दोन गोष्टी म्हटल्या: सर्वसामान्यांसाठी मास्क परिणामकारक नाहीत, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात येतील. आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी यावर जे विचारलं ते मी विसरलेले नाही: "डॉक्टरच्या नाकाला चालतो तो माझ्या नाकाला का चालत नाही?"

माझं मत सांगते. सल्ला बदलला ही चूक नव्हती, बदलायलाच हवा होता. टंचाईचं कारण 'उपयोग नाही' या वेष्टनात गुंडाळून दिलं, ही चूक होती. "साठा कमी आहे, चार आठवडे घरचा कापडी वापरा, कारखाने चालू झाले की पुन्हा सांगतो" एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी ऐकलं असतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ३ एप्रिलला कापडी मास्कची शिफारस केली तोवर अविश्वासाचं बी पडलेलं होतं.

३. मास्क मला वाचवतो की समोरच्याला?

दोघांना, पण सारखा नाही. तोंडातून बाहेर पडणारा थेंब ओला आणि मोठा असतो. तो जागेवरच कापडात अडकला तर संपलं. तोच थेंब हवेत गेला की सुकतो, लहान होतो, तरंगतो आणि मग अडवायला अवघड जातो. म्हणून साधा मास्क समोरच्याच्या जास्त उपयोगाचा. नीट बसलेला एन-९५ घालणाऱ्यालाही चांगलं संरक्षण देतो.

४. आजार थेंबांतून पसरतो की हवेतून? दोन्ही ऐकलं, खरं काय?

मधली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नाही. पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा तो थेंब, मीटर-दीड मीटरवर पडतो. लहान तो हवेतला कण, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं होती. प्रत्यक्षात पाचच काय, त्याहून बरेच मोठे कणही बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं. दारात सॅनिटायझर होतं, कुणी कुणाला मिठी मारली नाही. तरीही ५३ जण आजारी पडले, त्यातले दोघे दगावले. गाताना श्वास खोल जातो आणि जोरात बाहेर येतो. आपल्याकडच्या भजनी मंडळाची बैठक डोळ्यांसमोर आणा, खिडक्या लावलेल्या.

जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या असं जाहीर आवाहन केलं. जागतिक आरोग्य संघटनेने हे हळूहळू, पायरी-पायरीने मान्य केलं. सल्ल्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे: हवेतून पसरत असेल तर सहा फुटांच्या वर्तुळांपेक्षा खिडक्या महत्त्वाच्या, आणि कापडापेक्षा मास्कचं बसणं महत्त्वाचं.

५. कापडी, सर्जिकल आणि एन-९५ यांत खरोखर फरक आहे की नुसता किमतीचा?

फरक आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे: गाळणीत आणि फटीत.

आधी गाळणी. एन-९५ मधला ९५ म्हणजे चाचणीत ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारा. यावर हमखास येणारी शंका: विषाणू तर ०.१ मायक्रॉनचा, मग तो निसटणार नाही का? नाही. मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. ती तंतूंची अनेक थरांची गुंतवळ असते. मोठा कण वळण घेऊ शकत नाही, तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेत थरथरत, भरकटत जातो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचा, ०.३ च्या आसपासचा, सर्वांत चलाख. म्हणून परीक्षा त्याच्यावरच घेतात. शिवाय विषाणू सहसा एकटा फिरत नाही, ओलाव्याच्या कणावर बसून येतो. सर्जिकल आणि एन-९५ च्या मधल्या पॉलिप्रॉपिलीनच्या थरावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा तो कण ओढून घेतो. हा भार साबणाने किंवा स्पिरिटने जातो. एन-९५ धुवायचा नाही तो यासाठी.

आता फट. गाळणी कितीही भारी असली तरी हवा गालाच्या बाजूने मोकळी आत-बाहेर करत असेल तर पैसे वाया. घरच्या घरी पाहायचं तर आरशासमोर उभं राहून जोरात श्वास सोडा. चष्मा धुरकट झाला तर नाकाशी गळती आहे. डोळ्यांना वारा लागला तरी तेच. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये एका बचत गटात मास्क शिवताना नाकाची तार मिळेना. एका काकूंनी ब्रेडच्या पाकिटाला गुंडाळलेल्या तारा जमवून त्या शिवल्या. बाजारातल्या पन्नास रुपयांच्या मास्कपेक्षा तो नाकावर नीट बसायचा, हे मी स्वतः घालून पाहिलं आहे.

बंद जागेत, गर्दीत, आजारी माणसाची शुश्रूषा करताना एन-९५. एरवी नीट बसणारा सर्जिकल. काहीच नसेल तर दाट विणीचा, तीन पदरी सुती.

६. उपरणं, ओढणी, रुमाल, साडीचा पदर चालतो का?

काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. एकपदरी ओढणीतून पलीकडचं दिसत असेल तर कणही जाणारच. सुती उपरणं तीन-चार घड्या करून घट्ट बांधलं तर काम भागतं, पण ते सारखं हाताने वर ओढावं लागतं आणि तोच हात डोळ्यांना जातो.

पुणेकरांना हे नवं नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या आठवड्यात मास्कच्या किमती भडकल्या आणि अर्धं शहर रुमाल-स्कार्फ बांधून दुचाकीवर फिरत होतं. स्कार्फ बांधणं तर इथे साथीआधीपासूनच चालत आलेलं, धुळीसाठी. बांधायची सवय होती, घड्या मोजायची नव्हती.

७. व्हॉल्व्हवाला मास्क महाग असतो, मग तो का नको?

व्हॉल्व्ह श्वास न गाळता बाहेर सोडतो. कारखान्यातल्या धुळीसाठी ते ठीक. तिथे फक्त आत येणारी हवा गाळायची असते. साथीत तुमचा उच्छ्वासही अडवायचा असतो (प्रश्न ३). जुलै २०२० मध्ये आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना याच कारणासाठी व्हॉल्व्हच्या मास्कविरुद्ध कळवलं होतं. घरात पडून असेल तर रंगकामाला वापरा.

८. "मास्कचा उपयोग नाही हे सिद्ध झालंय" असा मेसेज फिरतो. कोणता अभ्यास म्हणतो तसं?

बहुधा तीनपैकी एक.

पहिला डेन्मार्कचा, २०२० च्या वसंतातला. सुमारे सहा हजार माणसं, अर्ध्यांना सर्जिकल मास्क दिले आणि वापरायला सांगितले. महिन्याभरात मास्कवाल्यांपैकी १.८ टक्के आणि बाकीच्यांपैकी २.१ टक्के बाधित झाले. फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. पण या अभ्यासाने विचारलं काय ते पाहा: आजूबाजूला कुणीच मास्क लावत नसताना, मी एकट्याने लावला तर मी वाचतो का? माझ्यामुळे दुसरा वाचला का, हे त्यात मोजलेलंच नाही.

दुसरा बांगलादेशचा, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत मोलाचा. ६०० गावं, तीन लाख चाळीस हजारांहून जास्त प्रौढ माणसं. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क दिले, बाजारात आणि मशिदीत आठवण केली, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः लावून दाखवले. मास्कचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. लक्षणांसह खात्रीचा करोना एकूण सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि तिथल्या साठीच्या वरच्या माणसांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कबद्दल मात्र इतकं ठामपणे काही सांगता आलं नाही. "फक्त ९ टक्के?" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रयत्न करूनही निम्म्याहून जास्त लोक मास्कविनाच होते.

तिसरा कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा, जानेवारी २०२३. अनेक जुने-नवे प्रयोग एकत्र करून त्यांनी म्हटलं की समाजात मास्कचा प्रचार केल्याने बहुधा थोडाच फरक पडतो किंवा पडत नाही. यातले बहुतेक प्रयोग करोनाच्या आधीचे, फ्लूच्या हंगामातले होते, आणि ज्यांना मास्क दिले त्यांनी ते कितपत लावले हा प्रश्न सगळीकडे होता. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोरेस-वाइझर यांनी जाहीर केलं की 'मास्क चालत नाहीत' असा अर्थ काढणं चुकीचं आहे, आढाव्यातून निश्चित उत्तर मिळत नाही.

'मास्क दिल्याने काय झालं' आणि 'मास्क नीट लावल्याने काय झालं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डॉक्टरने गोळी दिली आणि रुग्णाने ती उशीखाली ठेवली, तर तपासणी गोळीची झाली की डॉक्टरच्या समजावण्याची? सल्ला देणाऱ्याला दोन्ही उत्तरं हवी असतात, कारण लोक गोळ्या उशीखाली ठेवणारच.

९. मग पुरेसा पुरावा येईपर्यंत सरकारने थांबायला नको होतं का?

यावर डॉक्टरांमध्येच भांडण होतं. एप्रिल २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिश ग्रीनहाल आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सावधगिरीच्या तत्त्वाची बाजू मांडली: संकट मोठं आहे, उपाय स्वस्त आहे, तोटा नगण्य आहे, तर पक्क्या पुराव्याची वाट न पाहता करा. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की मास्क लावून माणूस बेफिकीर होईल, हात धुणार नाही. ही भीती रास्त वाटते, पण बांगलादेशच्या गावांत मास्क वाढले तिथे अंतर पाळणंही थोडं वाढलं.

वाट पाहण्याचीही किंमत असते. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण डॉक्टर वू लियान-ते यांनी तिथल्या हार्बिन शहरात शवविच्छेदन केलं, हा प्लेग श्वासातून जातो असा निष्कर्ष काढला आणि कापूस-जाळीच्या कापडाचा मास्क सगळ्यांना बांधायला लावला. ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेनी यांना ते पटलं नाही. ते मास्कशिवाय रुग्णांना तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. एका मृत्यूने शास्त्रीय सिद्धता होत नाही. हार्बिनमधल्या लोकांनी मात्र त्यानंतर वाद घातला नाही.

१०. लहान मुलांना कितव्या वर्षापासून?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये घालून दिलेली चौकट बहुतेकांनी उचलली: पाच वर्षांपर्यंत नको, सहा ते अकरा परिस्थिती पाहून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, बारा आणि पुढे मोठ्यांसारखंच. आपल्या केंद्राच्या सूचनाही याच वळणाच्या होत्या. अमेरिकेत मात्र दोन वर्षांपासूनच्या मुलांना सांगितलं गेलं. विज्ञान एकच असताना वयं वेगवेगळी कशी? कारण इथे नुसता संसर्ग मोजायचा नव्हता. मूल स्वतः मास्क काढू शकतं का, बाईंचे ओठ न पाहता बोलायला शिकतं का, शाळा बंद ठेवण्यापेक्षा हे बरं का, या सगळ्याला किती वजन द्यायचं हा निवडीचा भाग होता.

११. दाढी आहे / दमा आहे / ऐकू कमी येतं. माझ्यासाठी वेगळा नियम का नाही?

असायला हवा होता, आणि बऱ्याच आदेशांत तो नव्हता.

दाढीवर एन-९५ घट्ट बसत नाही. ज्यांना दाढी काढणं शक्य नाही अशा शीख डॉक्टरांनी दाढीवर लवचिक पट्टा घट्ट बांधून त्यावर मास्क घालायची 'सिंग ठाठा' पद्धत वापरली. दमा आटोक्यात असेल तर सर्जिकल मास्क सहसा चालतो. फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर डॉक्टरांना विचारा. स्वतः मास्क काढू न शकणाऱ्याला तो लावू नये.

ऐकू कमी येणाऱ्यांचं दुःख सर्वांत कमी ऐकलं गेलं. माझे सासरे ओठ वाचून बोलणं समजायचे. एका दवाखान्याच्या खिडकीवर त्यांना तीन वेळा आवाज चढवून विचारलं गेलं आणि ते काही न बोलता परत आले. ओठांशी पारदर्शक खिडकी असलेले मास्क निघाले होते, पण ते घालायचे असतात समोरच्याने. सूचनेत एक ओळ पुरली असती: ऐकू कमी येणाऱ्याशी लिहून बोला, किंवा अंतर ठेवून काही क्षण मास्क खाली घ्या.

१२. गाडीत मी एकटाच असलो तरी मास्क?

संसर्गाच्या दृष्टीने गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने एकदा होती, दिल्लीत. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्याने चालवलेली गाडीही सार्वजनिक जागा मानून मास्क सक्तीचा ठरवला. तर्क असा की सिग्नलला काच खाली होते, माणूस उतरतो-चढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रशासनाने एकट्या चालकाला सूट दिली. मला विचाराल तर असे नियम सल्ल्याची अब्रू घालवतात. बंद काचेत एकट्या बसलेल्या माणसाला दंड केला की तो पुढच्या वेळी गच्च भरलेल्या लग्नाच्या हॉलमधला नियमही त्याच तराजूत टाकतो.

१३. सकाळी धावताना किंवा शेतात काम करताना?

नको. उघड्यावर हवा खेळती असते. व्यायामात मास्क घामाने भिजतो आणि श्वास जड होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही जोमाच्या व्यायामात मास्क नको असंच सांगितलं. शेतावर टेम्पोच्या हौद्यात दाटीवाटीने बसून जात असाल तर तेवढ्या वेळापुरता लावा.

१४. मास्कमुळे ऑक्सिजन कमी होतो आणि आपलाच कार्बन डायऑक्साइड आत जातो ना?

नाही. या वायूंचे रेणू मास्कच्या छिद्रांच्या मानाने इतके लहान आहेत की ते सहज आरपार जातात. गुदमरल्यासारखं वाटतं ते उष्णता, ओलावा आणि श्वासाला लागणाऱ्या थोड्या जास्त जोराने. त्रास खरा असतो, कारण वेगळं असतं.

१५. सक्ती आणि दंड योग्य होता का? लोकांना समजावून भागलं नसतं?

मुंबईत आधी हजार रुपये दंड होता, पुढे दोनशे झाला. रस्त्यावर पालिकेचे क्लीन-अप मार्शल पावतीपुस्तक घेऊन उभे राहू लागले आणि मास्क हनुवटीवरून नाकावर येण्याचं कारण विषाणूऐवजी मार्शल झाला. वीस पावलं पुढे गेलं की तो पुन्हा हनुवटीवर.

तरी सक्तीच्या बाजूनेही बोलते. सगळ्यांनी लावला तरच उपयोग, अशा गोष्टीत 'ज्याने त्याने ठरवावं' म्हणून भागत नाही. सक्तीमुळे दुकानदाराला गिऱ्हाइकाशी वाद न घालता बोट दाखवायला पाटी मिळाली. पण दंडाआधी मास्क हातात पडायला हवा. महाराष्ट्राने मास्कच्या किमती बांधल्या त्या ऑक्टोबर २०२० मध्ये: तीन पदरी चार रुपये, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. दंड एप्रिलमध्ये आला, स्वस्त मास्क ऑक्टोबरमध्ये. हा क्रम उलटा हवा होता.

आणि आपल्याला तर याचा जुना धडा आहे. ज्या साथरोग कायद्याखाली हे आदेश निघाले तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी घाईने केलेला. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरले, देवघरं-माजघरं उलथीपालथी केली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रुग्ण शोधून वेगळे ठेवणं, घरं स्वच्छ करणं ही उपाययोजना कागदावर त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होती. ती कशी राबवली, ते पुणं विसरलं नाही.

१६. मास्क काढायचा कधी हे कसं ठरवतात?

लावा म्हणणं सोपं, काढा म्हणणं अवघड. १३ मे २०२१ रोजी सीडीसीने लस पूर्ण झालेल्यांनी मास्क काढला तरी चालेल असं जाहीर केलं. कोणाची लस झाली हे दारावर ओळखायचं कसं, याचं उत्तर दिलं नाही. करोनाचा डेल्टा व्हेरियंट आला आणि २७ जुलैला जास्त प्रसार असलेल्या भागांत घराबाहेरच्या बंद जागांमध्ये मास्क पुन्हा लावायला सांगावं लागलं.

महाराष्ट्रात २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. शोभायात्रा निघाल्या, दोन वर्षांनी चेहरे दिसले, सगळं चांगलं झालं. फक्त 'ऐच्छिक' म्हणजे कोणी, कधी लावावा हे सांगायला कुणी उरलं नाही. त्याचं सोपं उत्तर: तुम्हाला खोकला-ताप असेल किंवा बाधित माणसाच्या संपर्कात आला असाल तर, दवाखान्यात जाताना, घरात म्हातारं किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर, आणि बंद, गर्दीच्या जागेत. जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२३ ची शिफारसही साधारण अशीच आहे, साथीची लाट असो वा नसो.

१७. धुवायचा कसा, फेकायचा कसा?

कापडी: रोज साबण आणि गरम पाणी, उन्हात वाळवा. सर्जिकल: एकदा वापरून टाका, ओला झाला तर लगेच. एन-९५: धुवू नका (प्रश्न ५), तीन-चार मास्क आलटून पालटून, प्रत्येक कागदी पिशवीत काही दिवस मोकळा ठेवून वापरता येतात, इलॅस्टिक सैल पडलं की संपला. फेकताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना अशी होती: कापून टाका म्हणजे कुणी पुन्हा विकणार नाही, कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग सुक्या कचऱ्यात. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला आधी तोच लागतो.

१८. आमच्या सोसायटीसाठी / शाळेसाठी मास्कची सूचना लिहायची आहे. कशी लिहू?

नेहमीची सूचना अशी असते: "मास्क अनिवार्य आहे. उल्लंघन केल्यास दंड आकारला जाईल. आदेशावरून." कुठे, किती दिवस, कशासाठी, आणि नसेल तर काय, यातलं काहीच त्यात नाही. (सोसायटीला दंडाचा अधिकार आहे का, हा आणखी एक वाद.)

आमच्या इमारतीत जानेवारी २०२२ मध्ये मी लिहिलेली सूचना देते, हवी तर उचला:

"लिफ्ट लहान आहे आणि तिच्यात हवा खेळत नाही, म्हणून लिफ्टमध्ये मास्क लावूया. जिन्यात, गच्चीवर, आवारात गरज नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आणि श्वासाचा त्रास असलेल्यांना आग्रह नको. त्यांच्यासोबत इतरांनी लिफ्टमध्ये चढू नये. मास्क विसरलात तर लिफ्टशेजारच्या पेटीतून घ्या. ही सूचना ३१ जानेवारीपर्यंत आहे, त्या दिवशी रुग्णसंख्या पाहून पुढचं कळवू. आज आम्हाला जेवढं माहीत आहे त्यावर हे लिहिलं आहे. बदललं तर का बदललं तेही इथेच लावू."

पहिल्या आठवड्यात पेटी दोनदा रिकामी झाली. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज नवा मास्क घेत होते, कारण घरचे मास्क कुठे ठेवलेत ते सुनेलाच माहीत होतं.